बाप्तिस्म्याआधीची बेगमी

वसईच्या पट्ट्यात, पापडीला किंवा नंदाखालला, एखाद्या ख्रिस्ती घरात सुनेला दिवस गेल्याचं कळतं तेव्हा पुढचं सगळं चारचौघांच्या घरात होतं तसंच होतं. तिचा रोजचा लोकलचा प्रवास सासूच्या जिवाला घोर लावतो. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं आई बजावून ठेवते. डिंक, अळीव कुठून आणायचे याची चर्चा सुरू होते. सोळाव्या शतकात इथे आलेली पोर्तुगीजांची सत्ता 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा गेली. धर्म आणि आडनावं मागे राहिली, बोली आणि रीतभात मात्र इथलीच.

पण या जोडप्यापुढे आणखी एक काम असतं आणि ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतरवर ढकललं जातं. कॅथलिक धर्मविधानाचं 867वं कलम सांगतं की बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा आणि त्यासाठी आईवडिलांनी जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्माआधीच, धर्मगुरूंना भेटावं. हे ‘जन्माआधीच’ मला लाखमोलाचं वाटतं. बाळ घरात आलं की रात्रीची झोप उडते, पाहुण्यांची रीघ लागते. धर्मपिता आणि धर्ममाता कोण, हा प्रश्न मग घाईत सुटतो.

घाईत निवड झाली की मानपान आड येतो. मागच्या वेळी त्यांनी आपल्याला बोलावलं होतं, आता आपण त्यांना. नाहीतर मग परदेशात स्थिरावलेला मामा. नियम तसे मोजकेच आहेत: सर्वसाधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली, श्रद्धेला साजेसं जगणारी कॅथलिक व्यक्ती हवी, आणि ती बाळाची आई किंवा वडील नसावी. एकच असली तरी चालते. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. नियमांत न मावणारी गोष्ट आईवडिलांनीच ओळखायची असते. दहा वर्षांनी पोर रुसून बसलं तर ते कोणाच्या घरी धावत जाईल? शेजारच्या आळीतली, रविवारी मिस्साला हमखास दिसणारी आत्या मला दूरच्या श्रीमंत मामापेक्षा कधीही उजवी वाटते.

आईवडिलांचा मानही विधीत उशिराच आला. पूर्वी बाप्तिस्मा इतक्या लवकर उरकत की बाळंतीण बऱ्याचदा घरीच असे आणि बाळाच्या वतीने धर्मपालक उत्तरं देत. 1969च्या नव्या विधीने हे बदललं. आता सुरुवातीलाच आईवडिलांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलं, चर्चकडून काय मागता. धर्मगुरूंच्या पाठोपाठ तेही बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. पुढे पाणी, टाळूवर पवित्र तेल, शुभ्र वस्त्र, आणि पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली बाळाची मेणबत्ती.

वाट पाहण्याचे हे महिने नुसत्या तपासण्यांचे नसतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या चढावर मेणाच्या वस्तू विकायला असतात. त्यांत घर असतं, हात-पाय असतात आणि हातपाय पसरलेलं छोटंसं मेणाचं बाळही असतं. मूल व्हावं म्हणून ते मरियेला वाहतात. 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेत ते घेणाऱ्या बायकांत कुंकू लावलेल्याही कितीतरी असतात. डिसेंबरच्या तोंडावर आगमनकाळ सुरू होतो तेव्हा गर्भवतीला मरिया वेगळीच जवळची वाटते. दिवस राहिल्याचं कळल्यावर तीही डोंगराळ मुलुखातल्या एलिझाबेथकडे, आपल्या नात्यातल्या बाईकडे, गेली आणि सुमारे तीन महिने राहिली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. पहिलटकरणीला आधाराची बाई हवीच असते.

एक गोष्ट आधीच माहीत असावी, मनाला कितीही नकोशी वाटली तरी. बाळाच्या जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू नसतील, तर योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतत पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, नर्ससुद्धा.

नावाबद्दल आता मोकळीक आहे. संताचंच नाव हवं असा आग्रह 1983च्या धर्मविधानात नाही; ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं म्हणजे झालं. त्यामुळे मराठी नाव आणि पोर्तुगीज आडनाव अशी जोडी सुखाने नांदते. मात्र चर्चच्या नोंदवहीत आणि पालिकेच्या जन्मदाखल्यात नाव एकच, अक्षरन् अक्षर तेच लावावं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला तिथे चालत नाही. तो पुढे दृढीकरणाच्या आणि लग्नाच्या वेळी चर्च मागेल.