एक पेटी, चार दारं

हापूसचा मोसम लहान. मार्चअखेरीस फळ हाती येऊ लागतं आणि जूनच्या पावसाबरोबर संपतं. वाशीच्या दलालाकडे माल न धाडता थेट पुण्या-मुंबईच्या घरी पेटी पोचवणाऱ्या देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला तेवढ्या दिवसांत चौदा आणे तयार फळ झेल्याने उतरवायचं असतं, प्रतवारी करायची असते, अढी लावायची असते, पेट्या भरून गाडीवर चढवायच्या असतात. त्यातच घरातल्या कुणाला तरी, सुनेला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब अशी चार दारं राखावी लागतात. वेळ पुरत नाही म्हटलं की सल्ला मिळतो: पोस्ट कमी करा, किंवा आठवड्याच्या एकदम तयार करून ठेवा. हा सल्ला दुखण्यावर बोट ठेवत नाही, असं माझं मत आहे.

पोस्टचं काम कंटाळवाणं असलं तरी मोजता येतं. रीलसाठी उभा व्हिडिओ, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी आडवा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच कंपनीचे असल्याने तिथे एकच पोस्ट दोन्हीकडे जाते. वेळ खातं ते त्यानंतरचं बोलणं. ‘भाव काय?’, ‘पाच डझनी पेटी आहे का?’, ‘कोथरूडला घरपोच द्याल?’ हेच प्रश्न चारही दारांशी येतात. एकाच गिऱ्हाइकाचा पत्ता इन्स्टाग्रामवर असतो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर; दुसऱ्याची मागणी फेसबुकच्या मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून राहते, कारण अनोळखी माणसाचा निरोप तिथेच जातो. रात्री हिशेब जुळवायला सगळं पुन्हा उघडावं लागतं. अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. पेटी भरताना फोन वाजला की डझन पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात, हा त्याचा पडवीतला पुरावा.

म्हणून बोलणं एकाच दारी व्हावं. कोकणातल्या या धंद्यासाठी ते दार व्हॉट्सअॅपचं. बाकीच्या तिन्ही जागा म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या, ज्यांवर आंबा दिसावा आणि नंबर वाचता यावा. इन्स्टाग्रामवरचं गिऱ्हाईक तेवढ्यासाठी उठून दुसरीकडे येणार नाही, असा आक्षेप येतो. काही येणार नाहीत, हे खरं. पण ज्याला पेटी हवी आहे त्याला पत्ता आणि फोन नंबर द्यावाच लागतो, तो येतो. उत्तरं दिली नाहीत तर या कंपन्या आपल्याला मागे ढकलतील, ही भीतीही निराधार नाही. मात्र झाडावरचं फळ लाइकांनी वाढत नाही. ज्याच्याकडे मोसमात तीनशे पेट्या आहेत, त्याला तीस हजार बघे मिळाले तरी विकायच्या तीनशेच.

सगळ्यात वजनदार आक्षेप तिसरा: एकाच जागी विसंबलो आणि ती जागाच गेली तर? ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या अनेकांनी जमवलेला प्रेक्षक एका आदेशासरशी गेला. पण चार ठिकाणी खाती असणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण चारही ठिकाणची माणसं त्या त्या कंपनीच्याच ताब्यात असतात. आपल्या ताब्यात राहते ती वही: नाव, नंबर, पत्ता, किती पेट्या नेल्या. रात्रीचा अर्धा तास चार खिडक्या उघडण्याऐवजी त्या वहीला द्यावा. व्हॉट्सअॅपचा ब्रॉडकास्ट निरोप ज्यांनी आपला नंबर साठवलेला असतो त्यांनाच पोचतो. तेव्हा यंदा प्रत्येक पेटीत, आंब्यांच्या वर, आपल्या नंबराची एक चिठ्ठी ठेवा आणि तो फोनमध्ये साठवायला सांगा.