गटाची फाइल कोणालाही सापडली पाहिजे

आज कॉम्प्युटरातल्या फाइलींबद्दल बोलू. वही-पेन जवळ घ्या.

आमच्या नाकाडोंगरीकडच्या गटांचे ठराव, कर्जाचे तक्ते, आधारच्या प्रती आता कॉम्प्युटरवर ठेवतो. पण ठेवणं सोपं, वेळेवर सापडणं कठीण. बँकेने मागच्या वर्षीचा ठराव मागितला आणि तो मिळाला नाही, तर कर्जाचं प्रकरण लांबतं. रोवणीच्या दिवसांत एका कागदासाठी तुमसरची दुसरी खेप झाली, की एक रोजी बुडालीच समजा.

फाइल म्हणजे एक कागद. फोल्डर म्हणजे कागदांची पिशवी. मोठ्या पिशवीत लहान पिशव्या ठेवता येतात.

आधी गटाच्या नावाचा एकच मोठा फोल्डर करा. त्यात तीन फोल्डर ठेवा. पहिला ‘कायमचे’: गट स्थापनेचा ठराव, नियमावली, पॅन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान. दुसरा ‘सभासद’: प्रत्येकीच्या नावाने एक पिशवी, त्यात तिचे आधार आणि फोटो. तिसरा ‘वर्षवार’: त्यात ‘२०२४-२५’, ‘२०२५-२६’ असे एप्रिल ते मार्चचे फोल्डर आणि प्रत्येकात सभा, बचत-कर्ज, बँक, योजना. बँक आणि लेखापरीक्षण याच वर्षाने हिशेब मागतात, म्हणून आपणही तसंच ठेवायचं.

आता नाव. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचं’ अशा नावांवरून आत काय आहे ते कळत नाही. मोबाइलवरून आलेल्या फोटोला तर नुसते आकडेच असतात. नाव असं द्या: ‘२०२५-०६-१२ सभा कर्जमागणी ठराव’. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना जून असेल तर ६ नाही, ०६ लिहा. मग फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, आडवी द्या. नाव बदलायला फाइलवर एकदा क्लिक करून ‘एफ टू’ हे बटण दाबा.

फाइल आली, की त्याच दिवशी तिच्या जागी न्या. ‘डाउनलोड्स’ म्हणजे अंगण, धान तिथे रात्रभर ठेवत नाही. तरीही सापडलं नाही, तर फोल्डर उघडून वर उजवीकडच्या शोधायच्या चौकटीत ‘ठराव’ लिहून बघा.

दोन गोष्टींना जपा. महिन्याच्या शेवटी सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कॉम्प्युटरपासून वेगळ्या घरी ठेवा. आणि दुकानात आधार स्कॅन केलं, तर तिथली प्रत आपल्यासमोर पुसायला लावा, कचरापेटीतूनसुद्धा. सह्यांचं रजिस्टर मात्र कॉम्प्युटर आला म्हणून सोडायचं नाही.

हे सगळं एकीच्याच डोक्यात राहिलं, तर ती माहेरी गेली की गट अडला. अध्यक्ष, सचिव बदलतात, गट राहतो. म्हणून फोल्डरांची यादी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या सभेत ज्या ताईने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, तिला बसवा आणि मागच्या वर्षीचा एक ठराव शोधायला सांगा. तिला सापडला, तर तुमची मांडणी बरोबर. नाही सापडला, तर तिलाच विचारा, कुठे अडलं. तिथलं नाव बदला.