खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांची खांदशेकणी होते. जू रुततं ती जागा गरम पाण्यानं शेकायची, तूप-हळद लावून हलक्या हातानं चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतन द्यायचं. यवतमाळला लागून असलेलं लोहारा आज एमआयडीसीमुळे ओळखलं जात असलं तरी आसपासची शेतं कपाशीचीच, आणि पोळाही तसाच. बैलाच्या खांद्याकडे वर्षातून एकदा तरी कुणी बघतं. घरच्या बाईचा खांदा दिवाळीच्या सुमारास ठणकायला लागतो आणि संक्रांत आली तरी तिनं कुणाला सांगितलेलं नसतं.

दिवाळीचाच मुहूर्त का, हे तिचे दिवस पाहिले की कळतं. काठीला केरसुणी बांधून आढ्याची जळमटं काढायची, भिंतींना रंग द्यायचा, वरच्या फळीवरचे पितळी डबे उतरवून घासून पुन्हा चढवायचे. याच दिवसांत कापूस फुटलेला असतो. दिवसभर कमरेच्या ओटीत वेचा भरायचा आणि संध्याकाळी डोक्यावरचं गाठोडं एक हात वर धरून सांभाळत घरी यायचं. वर्षभर खांद्याच्या खाली राहिलेला हात महिनाभर वरच राहतो. आधी केस विंचरताना कळ येते, मग दोरीवर लुगडं टाकताना, आणि पुढे त्या कुशीवर झोपच लागत नाही.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसतो, खांद्याचा मात्र बशीत लिंबू ठेवावं तसा. तो घसरत नाही याचं श्रेय भोवतीच्या चार लहान स्नायूंना आणि त्यांच्या कंडरांना जातं. डॉक्टर त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. यातली सर्वांत वरची कंडरा हाडाच्या छपराखालच्या अरुंद फटीतून जाते, आणि दुखण्याचा उगम बहुधा तिथेच असतो. हात बाजूनं पूर्ण वर नेला तर तो साधारण १८० अंश फिरतो. त्यातले १२० अंश खांद्याच्या सांध्याचे असतात, उरलेले ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकून देतं. म्हणून पाठीत पोक काढून बसणाऱ्याचा हातही पुरता वर जात नाही.

खांदा धरला की घरात एकच शब्द निघतो, वात. तो अगदीच टाकाऊ नाही. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ आहे, म्हणजे हात वर न होण्याचं दुखणं फार जुनं आहे. पण एकाच शब्दात तीन वेगळी दुखणी बांधली गेली की उपचार चुकतात. ती वेगळी करायला बहुतेक वेळा मशीन लागत नाही. आधी हात स्वतः वर करून बघायचा. मग अंग सैल सोडायचं आणि घरातल्या कुणाला तरी तो हलकेच उचलायला सांगायचं.

स्वतः उचलताना मधल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ६० ते १२० अंशांत कळ येते, त्यापुढे ती कमी होते, आणि दुसऱ्यानं उचलला तर हात बराच वर जातो. तेव्हा दोष बहुधा कंडरेचा असतो. दुसऱ्यानं उचलूनही हात अडतो, कोपर कुशीला चिकटवून मनगट बाहेर नेता येत नाही, आणि एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. तेव्हा सांध्याची पिशवीच आखडलेली असते. हाच गोठलेला खांदा. फ्रान्सच्या दुप्ले यांनी १८७२ मध्ये या जातीच्या दुखण्याचं वर्णन केलं होतं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. तिसऱ्या दुखण्यात दुसऱ्यानं उचलला तर हात सहज वर जातो, पण सोडल्याबरोबर तो खाली पडतो. पडल्या-झडल्यानंतर असं झालं तर कंडरा तुटल्याची शंका घ्यावी आणि दवाखाना लांबवू नये.

गोठलेला खांदा चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, बायकांमध्ये अधिक, आणि मधुमेह्यांमध्ये तर कितीतरी पट अधिक. कारण नसताना खांदा आखडला तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. कित्येकांना आपला मधुमेह खांद्यामुळेच कळतो. पहिले काही महिने दुखणं, मग कडकपणा, मग हळूहळू सुटणं, असा त्याचा एक ते तीन वर्षांचा प्रवास असतो. एवढा काळ कुणी थांबत नाही, आणि चोळणारा शोधला जातो. जोरात ओढून हात ‘मोकळा’ करण्याच्या या प्रकाराची मला खरंच भीती वाटते. ठिसूळ हाड मोडतं, कंडरा फाटते.

कंडरेच्या दुखण्याची गोष्ट तर डॉक्टरांनाही धडा देणारी आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स निअर यांनी १९७२ मध्ये मांडलं की वरच्या हाडाशी घासून कंडरा झिजते. मग ते हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना आराम जवळपास सारखाच पडला. फिनलंडमधल्या चाचणीतही तेच दिसलं. साठी उलटलेल्या कित्येकांची कंडरा काहीही न दुखता फाटलेली असते, तेव्हा एमआरआयचा कागद वाचून लगेच घाबरू नये.

मग करायचं काय? हात गळ्यात झोळी बांधून निपचित ठेवायचा नाही, तसा ठेवला तर तो आणखी आखडतो. डोक्याच्या वरचं काम काही आठवडे थांबवायचं, बाकीची हालचाल चालू ठेवायची. टेबलावर चांगला हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता हलवायचा. हा व्यायाम कॉडमनच्याच नावानं ओळखला जातो. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, आज पोचलं तिथे खडूची खूण करायची. दोन हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर प्रमाण कमी करायचं. कंडरेच्या दुखण्यात पुढे स्नायूंना ताकद आणावी लागते, त्याला तीनेक महिने द्यावे लागतात. शेकानं बरं वाटतं, पण व्यायामाची जागा तो घेत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या तीव्र दुखण्यात उपयोगी पडतं. मधुमेह असलेल्यांनी त्यानंतर काही दिवस साखर वाढते हे लक्षात ठेवावं. लोहारेकरांना हाडांचा डॉक्टर शोधत नागपूर गाठायची गरज नाही. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे.

एक गोष्ट मात्र खांद्याची नसते. हात हलवल्यानं ना वाढणारी ना कमी होणारी डाव्या खांद्यातली कळ, सोबत घाम, धाप किंवा छातीत दाटणं असेल, तर तेल-मलम बाजूला ठेवून आधी ईसीजी काढावा. ताप, सुजलेला सांधा, घटणारं वजन किंवा हाताला मुंग्या-बधिरता असेल तरी घरी व्यायाम करत बसू नये.

आणि घरातली एक दुरुस्ती पाच मिनिटांत होते. कपड्यांची दोरी बहुतेक घरांत पुरुषाच्या हाताच्या उंचीनं बांधलेली असते. ती खांद्याच्या रेषेपर्यंत खाली आणायची, आणि रोजचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर.