सशाच्या घरात कोंबडी राहायला आली

ससे पाळून झाले, पुढे ते कुणाला तरी देऊन टाकले आणि त्यांचा लाकडी पिंजरा परसात नुसताच पडून आहे, असं तुमच्याकडे किंवा शेजारी असेल, तर तो भंगारात देऊ नका. दोन कोंबड्यांचं झकास खुराडं त्यातून होतं. पण ससे काढले आणि कोंबड्या कोंबल्या, एवढ्यावर भागत नाही बरं का!

पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. (आपल्या रानातला ससा वेगळा, तो बीळ करत नाही.) कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो दिवसभर जमीन उकरतो आणि अंधार पडू लागला की झाडावर चढतो. आपल्या सह्याद्रीत असतो तो राखी रानकोंबडा. कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असं २००८ साली शास्त्रज्ञांना आढळलं. तर आता बिळातल्या पाहुण्याचं घर आपल्याला झाडावरच्या पाहुण्याला द्यायचं आहे.

आधी पिंजरा खरवडून सोड्याच्या गरम पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मग फटीफटीतून चुना लावायचा. हे काम मोठ्यांकडून करून घ्या, चुना डोळ्यांत गेला तर वाईट. फटी सोडायच्या नाहीत, कारण कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे दिवसा तिथेच लपून बसतात.

चार फूट लांब, दोन फूट रुंद पिंजऱ्यात दोनच कोंबड्या ठेवा. आणि दिवसा त्यांना मोकळं सोडायचंच. उंची दीड फूट असेल तर छप्पर काढून चौकट वाढवून घ्या. सशाच्या पिंजऱ्याला बहुधा खाली जाळी असते, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. कोंबडीचे तळवे मात्र तारेवर सतत उभं राहून दुखावतात. जाळीवर फळी टाका, वर तीन बोटं भाताचं तूस पसरा. ओलं झालेलं तूस लगेच काढायचं, नाहीतर वासाने तुमचेच डोळे चुरचुरतील. मग आत झोपणाऱ्या कोंबडीचं काय होत असेल!

आता तिचं 'झाड'. दोन इंच जाडीची दांडी, कडा घासून गोल केलेली, फळीपासून फूटभर उंच आडवी ठोका. अंडी घालायला एका अंधाऱ्या कोपऱ्यात फूटभराचं खोकं ठेवा, त्यात पेंढा. खोकं दांडीपेक्षा खाली हवं. ते उंच झालं तर कोंबड्या रात्री त्यातच झोपून घाण करतात. (अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच लागतो.)

सगळ्यात महत्त्वाची जाळी. बाजारात षट्कोनी भोकांची पातळ 'कोंबडीजाळी' मिळते. तिने कोंबडी आत राहते खरी, पण मुंगूस बाहेर राहीलच असं नाही. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती दांडीवर बसल्या बसल्याच सापडते आणि सकाळी तुम्हाला नुसती पिसं दिसतात. म्हणून अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जाड तारेची जाळी बाहेरून पट्ट्या ठोकून लावा. सशासाठी लाकडाची फिरती खिट्टी चालून गेली असेल; इथे लोखंडी कडी घाला आणि तिच्यात आकडाही अडकवा. छपराखाली मात्र हवेला वाट ठेवा. पावसाच्या बाजूला गोणपाटाचा पडदा पुरतो.

कोंबड्या आणण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन राणीखेत रोगाच्या लसीबद्दल विचारा. हा रोग झपाट्याने पसरतो आणि झाल्यावर त्यावर औषध नाही. खुराड्यात हात घातला की साबणाने धुवायचा, हेही आलंच.

पहिल्या रात्री त्या बहुतेक कोपऱ्यात खालीच दाटीवाटीने बसतील. रागावू नका. अंधार झाला की एकेकीला अलगद उचलून दांडीवर ठेवा. असं तीन-चार रात्री केलंत की पुढे दिवेलागणीला त्या आपणहून वर चढतील. तुम्ही फक्त मोजा, आणि कडी लावा.