अशक्य गोष्टींची वही

माणूस आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झोपेत घालवतो. तरीही रुग्णाची माहिती विचारताना आपण झोपेविषयी बहुधा एकच प्रश्न करतो, ‘झोप लागते का?’ झोपेत काय दिसले, हे विचारण्याची प्रथा आपल्या व्यवसायात फारशी रुजलेली नाही. हा विषय सुचण्यास निमित्त झाली ती दूरचित्रवाणीवरील एक विज्ञानकथा आणि तिच्यातील एक काल्पनिक वही.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. तिचा नायक परग्रहावरचा कालप्रवासी असून सर्वजण त्याला नुसते ‘डॉक्टर’ म्हणतात. पॉल कॉर्नेल यांनी आपल्याच 1995 सालच्या कादंबरीवरून लिहिलेले दोन भाग मे-जून 2007 मध्ये प्रक्षेपित झाले. पाठलाग करणाऱ्या शत्रूंपासून लपण्यासाठी डॉक्टर आपले मूळ स्वरूप व स्मृती एका खिशातल्या घड्याळात बंद करतो आणि 1913 सालच्या इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचा साधा शाळामास्तर होऊन राहतो. आपण कोण होतो हे त्याला आठवत नाही. मात्र रात्री स्वप्ने पडतात. त्यांत निळी पेटी, यंत्रमानव, अनोळखी आणि तरीही आपलेच वाटणारे चेहरे असतात. सकाळी उठून तो ते सारे शब्दांत व चित्रांत उतरवतो. ‘अशक्य गोष्टींची वही’ असे तिचे नाव.

ही वही तो वाचायला देतो ती शाळेच्या परिचारिकेला, जोन रेडफर्नला. ती हसत नाही आणि घाबरतही नाही; मन लावून वाचते. पुढे संकट दाराशी येते, तेव्हा वहीत लिहिलेले सारे खरे होते हे तिच्याच आधी ध्यानात येते. गाव वाचवायचे तर घड्याळ उघडावे लागणार आणि घड्याळ उघडले की प्रेमात पडलेला हा शाळामास्तर कायमचा नाहीसा होणार. तो ते उघडतो. जोनजवळ उरते ती केवळ वही.

कथा परदेशातली असली, तरी स्वप्न लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाचे स्वप्न अभंगात नोंदवले, ते माघ शुद्ध दशमी व गुरुवार अशा तिथी-वारासह. बाबाजींनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, हा बारीकसा तपशीलही त्यांनी गाळला नाही. स्वप्नातली विस्मृतीसुद्धा नोंदवावी, एवढा काटेकोरपणा आपल्या केसपेपरांत क्वचितच आढळतो! भागवतातील उषेची कथाही अशीच आहे. स्वप्नात पाहिलेला तरुण कोण, हे तिला सांगता येईना. तेव्हा चित्रलेखेने एकामागून एक चित्रे रेखाटली आणि अनिरुद्धाची ओळख पटली. स्वप्न उषेचे, पण त्याचा उलगडा झाला तो ऐकून घेणारी सखी होती म्हणून.

गोमंतकाचा या विषयाशी संबंध याहून जवळचा आहे. 1756 साली कांदोळी येथे जन्मलेल्या आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये कृत्रिम निद्रेचे प्रयोग केले. या निद्रेचे कारण प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील एखाद्या गूढ शक्तीत नसून निद्रा घेणाऱ्याच्या स्वतःच्या मनात आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. 1819 साली त्यांचे निधन झाले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

स्वप्न लगेच टिपले नाही तर काय होते, याचा अनुभव ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने घेतला. मज्जातंतू हृदयाला संदेश कसा देतात, हे ठरवणारा प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! डॉक्टरांच्या हस्ताक्षराविषयी तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. 1936 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या दवाखान्याकडे वळू. मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात स्वप्न हा आजही गांभीर्याने घेतला जाणारा विषय आहे. देवाचा दृष्टांत झाला, मृत वडील स्वप्नात आले, अशा गोष्टी माणसे घरात बोलतात, प्रसंगी देवळात कौल घेतात. डॉक्टरांपुढे मात्र गप्प राहतात. त्या मौनात काही वेळा निदान दडलेले असते. साठीचा गृहस्थ झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो, शेजारी झोपलेल्या पत्नीला मार लागतो. घरचे याला बाहेरची बाधा समजतात. प्रत्यक्षात तो स्वप्नातली मारामारी अंगाने खेळत असतो. 1953 साली शोध लागलेल्या स्वप्ननिद्रेत स्नायू शिथिल व्हायला हवेत, तसे त्याचे होत नाहीत. 1986 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी या विकाराचे रीतसर वर्णन केले. ज्यांना तो अन्य कारणाविना जडतो, त्यांतील बहुसंख्यांना पुढील काही वर्षांत कंपवात किंवा तत्सम मेंदूविकार होतो, हे आता ठाऊक झाले आहे. कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी स्वप्नाने वर्दी दिलेली असते. काही नैराश्यविरोधी औषधांनीही हा प्रकार उद्भवतो आणि रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी भयस्वप्ने पडतात. अपघात वा आघातानंतर तेच ते दुःस्वप्न पडणाऱ्या रुग्णाच्या मनात जीव देण्याचे विचार तर नाहीत ना, हेही विचारलेच पाहिजे. अशा रुग्णाने स्वप्न लिहून काढावे, त्याचा शेवट दिवसा स्वतः बदलावा व त्या नव्या शेवटाची मनात उजळणी करावी, ही आज मान्य उपचारपद्धती आहे.

म्हणून एक सूचना. उशाशी वही व पेन्सिल ठेवावी. जाग येताच, अंथरूण सोडण्यापूर्वी, चार ओळी लिहाव्यात. तारीख, घेतलेली औषधे आणि शेजारी झोपणाऱ्याने पाहिलेले वर्तनही त्यात असावे. स्वप्नाचा अर्थ लावण्याची घाई रुग्णाने करू नये, आणि डॉक्टरांनीही नाही.

जॉन स्मिथला त्या शाळेत वैद्यकीय पदवीधर भेटला नाही. भेटली ती एक परिचारिका, जिने वही शेवटपर्यंत वाचली. आपल्या रुग्णांजवळही अशा अशक्य गोष्टी असतात. त्या ऐकायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढी आपण काढायला हवीत.