एकच घोडा चार वेळा का कोरला?

सांचीच्या पूर्व तोरणाच्या मधल्या पट्टीवर नगराच्या दारातून एक घोडा बाहेर पडतो. थोडे पुढे पुन्हा घोडा, मग पुन्हा, असा चार वेळा. पाठीवर स्वार नाही, पण वर छत्र धरलेले आहे. उजव्या टोकाला दोन मोठी पावले दिसतात आणि छत्र आता त्या पावलांवर आहे. तिथे छन्न गुडघे टेकतो. खालच्या बाजूने घोडा परत येतो तेव्हा त्याच्यावर छत्र नसते.

ही घोड्यांची रांग नव्हे. कंथक एकच आहे. पुढे सरकतो तो काळ. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शिल्पकार तथागतांची मानवी मूर्ती कोरत नसत. पावले, बोधिवृक्ष, चक्र, स्तूप, रिकामे आसन एवढ्यावर बघणाऱ्याला सगळे कळायचे. म्हणून अशा शिल्पासमोर ‘इथे कोण आहे?’ यापेक्षा ‘कोणासाठी जागा रिकामी ठेवली आहे?’ हे आधी विचारावे.

सांचीच्याही आधीच्या भरहूतच्या कठड्यावर जेतवनाच्या दानाचा प्रसंग एका गोल चौकटीत बसवला आहे. बैलगाडीतून नाणी उतरताहेत, जमिनीवर चौकोनी नाणी अंथरली जाताहेत आणि अनाथपिंडक झारी घेऊन दानाचे पाणी सोडायला उभा आहे. सोबत ब्राह्मीत मजकूरही कोरला आहे. हा कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

आपल्या वऱ्हाडाला जवळचे म्हणजे अजिंठा. सहल गेली की सगळे पहिल्या लेणीत पद्मपाणीपुढे गर्दी करतात आणि दहाव्या लेणीतून दोन मिनिटांत बाहेर पडतात. खरे तर तिथली जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची, अजिंठ्यातली सर्वांत प्राचीन. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच लेणीत शिरला आणि खांबावर आपले नाव खरडून गेला. तेव्हापासून नावे खरडणाऱ्यांनी काही कमी केलेले नाही!

उजव्या भिंतीवर छद्दंत जातक आहे. हत्तींचा राजा छद्दंत याच्यावर रुसलेली त्याची एक पत्नी पुढच्या जन्मी वाराणसीची राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. बाण लागलेला हत्ती शिकाऱ्याला मारायला धावतो, पण त्याच्या अंगावरचे काषाय वस्त्र पाहून थांबतो आणि सुळे स्वतःच देतो. ते सुळे पाहून राणीचे काळीज फुटते. विद्या दहेजिया यांनी अजिंठ्यातल्या चित्रकथांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे: त्यांची मांडणी बऱ्याचदा काळाच्या क्रमाने नसून ठिकाणांनुसार असते. म्हणून डावीकडून उजवीकडे वाचत गेलो तर आपण चुकतो. आधी अरण्य कुठे आणि राजवाडा कुठे, ते शोधावे.

‘जातक म्हणजे पुनर्जन्म, आपल्याला काय करायचे?’ असे आपले कार्यकर्ते म्हणतात. शंका रास्त आहे. पण चित्रकाराने भिंत खर्ची घातली ती सूड आणि संयम यांच्यासाठी. पुनर्जन्म न मानताही ती कथा वाचता येते.

मला जास्त खटकतात त्या आपल्या विहारांच्या भिंती. अजूनही पेंटर झोपलेली यशोधरा आणि रात्री चोरपावलांनी निघालेला सिद्धार्थ काढतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये वेगळी हकीकत मांडली: रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा वाद, संघात सिद्धार्थाने केलेला युद्धाचा विरोध आणि घरच्यांशी बोलून, उघडपणे घेतलेली परिव्रज्या. खारपाणपट्ट्यातल्या भातकुली तालुक्यात पाण्याचे भांडण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरी ही कथा भिंतीवर नाही.

पुढच्या जयंतीच्या चित्ररथावर किंवा विहाराच्या एका लांब भिंतीवर ती काढून बघा. सांचीची रीत वापरा: एकच सिद्धार्थ तीन वेळा, आधी संघाच्या सभेत, मग यशोधरेसमोर, शेवटी भारद्वाजांच्या आश्रमात. पेंटरला सांगायचे इतकेच की मध्ये चौकटी आखू नको आणि रोहिणी तिन्ही दृश्यांखालून सलग वाहती ठेव.