छपरावरचा मजूर आणि ठेकेदाराचा विमा

मे महिना लागला की भिवंडी-मालेगावच्या लूमच्या शेडवर माणसे चढू लागतात. फुटके सिमेंटचे पत्रे बदलायचे, जे-बोल्ट कसायचे, पन्हळीत साचलेला कचरा काढायचा. पाऊस तोंडावर, म्हणून सगळ्यांनाच घाई. ठेकेदार दर सांगतो, मजूर आणतो. विम्याचा विषय कोणी काढत नाही. मी कापडाचा व्यापारी, मीही कधी काढला नव्हता.

2017 च्या मे महिन्यात माझ्या गोदामाच्या छपरावरून विशीतला एक मुलगा खाली आला. पत्रा वरून शाबूत दिसत होता, पाय पडताच फुटला. मुलगा कापडाच्या गाठींवर पडला, अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. ठेकेदार आपल्याच मोहल्ल्यातला, भला माणूस. हाती रोकड मात्र आठवड्याच्या मजुरीपुरती. दवाखान्याचा खर्च आम्ही दोघांनी भरला. त्याचा वाटा उसनवारीचा होता, तो फेडण्यात त्याचे दोन हंगाम गेले. मुलगा सात महिने घरी बसला. त्या महिन्यांची मजुरी त्याला कोणी दिली नाही, हे लिहिताना मला आजही शरम वाटते.

कामावर मजुराला अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा 1923 पासूनचा आहे. आता तीच तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. येथे मालक म्हणजे मजूर लावणारा ठेकेदार. मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग घेऊन वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98 आहे. पगार पंधरा हजार धरला तर रक्कम साडेपंधरा लाखांच्या वर जाते. "पोराचीच चूक होती" ही सबब मृत्यूच्या प्रकरणात चालत नाही. छोट्या ठेकेदाराचे घर विकले तरी एवढी रक्कम उभी राहायची नाही.

यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी मिळते. हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर ठरतो, म्हणून काही जण मजूर कमी दाखवतात. मग दाव्याच्या वेळी रक्कमही कापली जाते. अर्जात "बांधकाम" एवढेच न लिहिता "उंचीवर छपराचे व पन्हळीचे काम" असे स्पष्ट लिहावे. पत्रा खाली पडून वाटसरूला लागले किंवा कोणाचा माल बिघडला, तर त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च सहसा कोणतीच कंपनी देत नाही. आणि जुन्या पत्र्यावर फळी टाकूनच चालावे. खबरदारी घेणे ही पॉलिसीचीही अट असते.

विमा जायज की नाजायज, हा सवाल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. भरपाईची जबाबदारी मात्र पॉलिसी नसली तरी अंगावर येतेच.

मजुराच्या स्वतःसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला दोन लाख. तिचे वर्ष 1 जूनला सुरू होते, म्हणून मे अखेर खात्यात शिल्लक हवी. पण तिच्यामुळे ठेकेदार मोकळा होत नाही.

मी आता शिडी लागण्याआधी पॉलिसीची झेरॉक्स मागतो. यंदा ठेकेदाराने त्यापोटी दर थोडा वाढवून मागितला. मी दिला.